तिथीची पाऊणपट

कोकणपट्टीवर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब चालत आला आहे. आजची तिथी कोणती ते पाहायचे आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितके वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी. या हिशेबाच्या पोटात बरेच काही आहे. भरती चंद्राच्या मागे चालते. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाच्या चोवीस तासांतून एक फेरी पुरी करते. चोवीस तासांना तिसांनी भागले की 48 मिनिटे येतात. दर तिथीला भरती सरासरीने इतकी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. खरा गुणक चार पंचमांश, आणि किनाऱ्याने धरला तो तीन चतुर्थांश. फरक तिथीमागे अवघ्या तीन मिनिटांचा. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे तोंडपाठ करून घेत. चार पंचमांशाचा पाढा कोणी पाठ करत नसे. होडी पाण्यात लोटणाऱ्याला मिनिटाची अचूकता लागत नाही, त्याला चालता चालता डोक्यात होणारा हिशेब लागतो. पंतोजींनी बाजाराच्या व्यवहारासाठी घोटून घेतलेली पाऊणकी समुद्राच्या व्यवहारालाही अशी चपखल बसते. शाळा आणि किनारा यांच्यात एके काळी किती कमी अंतर होते, याची ही खूण आहे.

पुढील पानांचा विषय हे अंतर आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवणच्या किनाऱ्यावर, समुद्र, खाडी, शेत, रान आणि स्वयंपाकघर यांविषयी पिढ्यान्‌पिढ्या जमलेले जे जाणतेपण आहे, त्याचा शाळेच्या शिक्षणाशी संबंध काय असावा, हा प्रश्न इथे मांडायचा आहे. या जाणतेपणाला कोणी देशज ज्ञान म्हणतात, कोणी लोकज्ञान, कोणी पारंपरिक ज्ञान. ‘पारंपरिक’ म्हटले की ते थिजलेले वाटते, ‘लोक’ म्हटले की शास्त्राहून एक पायरी खालचे वाटते. मराठीत ‘वहिवाट’ असा एक शब्द आहे. जमीन कसत राहिल्याने, वाट तुडवत राहिल्याने जो हक्क आणि जी ओळख तयार होते ती वहिवाट. ती रोज वापरली तरच टिकते आणि वापरताना थोडी थोडी बदलतही जाते. म्हणून या प्रस्तावनेत मी त्याला वहिवाटीचे ज्ञान म्हणतो. माझे म्हणणे एकच आहे. या ज्ञानाचा खरा मान त्याच्या तपासणीत आहे. त्याचे नुसते कौतुक करणे हाही त्याला दूर ठेवण्याचाच एक प्रकार आहे. मूल आपल्या गावातले ज्ञान समजून घेते, त्याची कसोटी लावते, ते कुठे खरे ठरते आणि कुठे चुकते हे स्वतः मोजते, तेव्हा त्याला गावही कळतो आणि विज्ञानाची रीतही कळते. या दोन्ही गोष्टी एकाच कामातून साधतात, हा या मांडणीचा गाभा आहे.

आधी हे ज्ञान म्हणजे काय, ते पाहू. त्याचा पहिला गुण म्हणजे नेमके नाव. शहरी मराठीला भरती आणि ओहोटी हे दोन शब्द पुरतात. किनाऱ्याला पुरत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढ-उतार मंदावतो, तो भांग. एका शब्दात चंद्राची कला, पाण्याची उंची, प्रवाहाचा जोर आणि त्या दिवशी कोणते जाळे चालेल याचा अंदाज, एवढे सारे सामावते. खाडीकाठच्या झाडीला पाठ्यपुस्तक सरसकट खारफुटी म्हणते. खाडीकाठ तिवर वेगळी ओळखतो, चिपी वेगळी आणि कांदळ वेगळा. जमिनीचेही तसेच. सडा म्हणजे माथ्यावरचे उघडे कातळपठार, भरड म्हणजे उंचावरची पावसावर पिकणारी जमीन, मळा म्हणजे ओल धरणारी सखल जमीन, खार म्हणजे खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेली जमीन, आणि वायंगण म्हणजे पावसाळा संपल्यावर पाणी देऊन घेतलेले दुसरे भातपीक. या प्रत्येकाला निराळे बियाणे लागते. वालय, बेळा, सोरटी, मुणगा ही भाताची नावे नुसत्या चवीची नव्हेत. कोणते हळवे, कोणते गरवे, कोणते खारे पाणी सोसणारे, कोणते पेजेला चांगले, याचे वर्गीकरण त्या नावांमागे उभे आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली, कोकणातल्या शब्दांना वेगळी खूण केलेली आढळते. यांतले काही शब्द पुढे शाळेतही पोचले. भूगोलाच्या पुस्तकात मुले आजही ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ शिकतात. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला ‘मतलई’ हे नाव शिडाच्या होड्या चालवणाऱ्यांच्या भाषेतले आहे. शास्त्राला ते नाव घेण्यात कमीपणा वाटला नाही. मात्र तो शब्द कोणाचा, हे सांगायला पुस्तक विसरले.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. हे ज्ञान जबाबदारीने बांधलेले असते. रापणीचे उदाहरण घ्या. किनाऱ्यावरून होडी निघते, लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. पन्नास-साठ, कधी शंभर हात एका वेळी लागतात. त्याआधी कोणीतरी पाण्याच्या रंगावरून, पृष्ठभागावरच्या हालचालीवरून, घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून तारली किंवा बांगड्याचा थवा कुठे आहे हे ओळखलेले असते. त्याचा अंदाज चुकला तर सगळ्यांची मेहनत फुकट जाते. म्हणून त्याच्या शब्दाला वजन येते ते वयामुळे नाही. त्याचे अंदाज किती वेळा खरे ठरले हे सारा किनारा पाहत असतो. मासळी ओढून झाली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, आणि दोराला हात लावणाऱ्या परक्यालाही कालवणापुरती मासळी. रापण संघांची ही व्यवस्था म्हणजे जाणकारी, श्रम आणि न्याय यांची एकत्र घातलेली वीण आहे. आपल्या परीक्षापद्धतीत उत्तर चुकले तर गुण एकट्याचे जातात, आणि बरोबर आले तरी त्याचा उपयोग दुसऱ्या कोणाला होत नाही. ज्ञानाचे फळ वाटून घ्यायचे असते आणि चुकीची किंमत समोर दिसत असते, ही शिकवण रापणीत कोणी भाषण न करता मिळते.

आता शाळेकडे पाहू. सिंधुदुर्ग हा शिकलेला जिल्हा आहे. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याची साक्षरता 2011 च्या जनगणनेत 85 टक्क्यांच्या वर होती. त्याच जनगणनेत दुसरा एक आकडा आहे. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 8 लाख 69 हजार होती, ती 2011 साली 8 लाख 50 हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आक्रसत होता. याचे खापर शाळेवर फोडणे अन्यायाचे होईल. मुंबईची ओढ गिरण्यांच्या काळापासूनची आहे आणि तिची कारणे पोटाशी जोडलेली आहेत. तरी शाळेने या वाटेला एक अर्थ दिला, हे मान्य करावे लागेल. शिकणे म्हणजे इथून निघण्याची तयारी, आणि इथे जे आहे ते न शिकलेल्यांसाठी, असा तो अर्थ. आजी-आजोबांच्या तोंडी उधाण-भांग, पाठ्यपुस्तकात गुरुत्वाकर्षणाने येणारी भरती, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगत आहेत हे मुलाला कोणी दाखवत नाही. मुलाच्या मनात मग दोन कप्पे तयार होतात. एक परीक्षेचा, एक घरचा. परीक्षेचा कप्पा परीक्षेनंतर रिकामा होतो आणि घरचा कप्पा लाजेने बंद होतो. नुकसान दोन्हीकडे होते, आणि शास्त्राचे नुकसान अधिक होते, कारण डोळ्यांसमोरच्या अनुभवाशी न जुळलेले शास्त्र पाठांतरापलीकडे जात नाही.

ही तक्रार नवी नाही आणि महाराष्ट्राला तिची उत्तरेही नवी नाहीत. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे, असे सुचवले होते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली, आणि खडे, पाने, बिया, शिंपले हीच मोजणीची साधने झाली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेबाहेरच्या जीवनाशी ज्ञानाची सांगड घालणे हे आपले पहिले तत्त्व म्हणून नोंदवले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात जागा दिली आणि आदिवासी ज्ञानाचा, शिकण्याच्या देशज पद्धतींचाही उल्लेख केला. कागदावरची भूमी एवढी तयार आहे. पण धोक्याची जागाही इथेच आहे. ज्ञानपरंपरा म्हटले की आपले लक्ष ग्रंथांकडे जाते. ग्रंथ वाचावेतच. परंतु खार जमिनीचा बांध कसा राखावा, थवा कसा ओळखावा, बियाणे कसे निवडून ठेवावे हे ज्यांनी जपले, त्यांतल्या बहुतेकांना शेकडो वर्षे लिहू-वाचू दिले गेले नव्हते. परंपरेचा गौरव करताना तिच्यातला हा न लिहिलेला मोठा भाग पुन्हा एकदा वगळला गेला, तर आपण जुनाच अन्याय नव्या नावाने करू.

हे न लिहिलेले ज्ञान शाळेत आणण्याविरुद्धचे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना बगल देऊन पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप असा की या ज्ञानात अंधश्रद्धा मिसळलेली आहे. ते शाळेत आणले तर भगत आणि मंत्रही मागच्या दाराने आत येतील. ही भीती खरी आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत, तेव्हा उतारे आणि मंत्र हेच उपाय समजले जात. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1970 च्या दशकापासून रुग्णांच्या उशाशी बसून दंशानंतर शरीरात काय काय घडते याच्या नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिले आणि 1986 साली ‘द लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. पूर्वी दंश झालेल्या गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते, ते एक टक्क्याच्या आसपास आले. इथे वहिवाट हरली, आणि ती हरायलाच हवी होती. पण या घटनेतून दुसराही धडा मिळतो. जगाला उपयोगी पडलेले ते संशोधन कोकणातल्या एका ग्रामीण दवाखान्यात, स्थानिक दुखण्याकडे बारकाईने पाहिल्यामुळे झाले. मंत्र पडला आणि निरीक्षण जिंकले, ते एकाच मातीत. तेव्हा शाळेने काय आत घ्यावे याचा निकष सरळ आहे: ज्याची कसोटी लावता येते आणि जे कसोटी लावू देते. पाऊणपटीचा हिशेब कसोटी लावू देतो. ‘आमच्या मंत्राची परीक्षा घेऊ नका’ असे म्हणणारा स्वतःच वर्गाबाहेर राहतो. वहिवाटीचे ज्ञान तपासायला शिकलेले मूल भगताच्या आहारी जाण्याची शक्यता कमी असते, कारण गावातल्या दाव्यांना पुरावा मागण्याची सवय त्याला गावातच लागलेली असते.

दुसरा आक्षेप जातीचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. जाळे गाबितांचे, माडी भंडाऱ्यांची, मडके कुंभाराचे, चित्रकथी ठाकरांची. या समाजात ज्ञान जातीच्या भिंतींतून वाहत आले. ते शाळेत आणायचे म्हणजे मच्छीमाराच्या मुलाला पुन्हा मच्छीमारच करायचे काय? हा प्रश्न इतिहासाने एकदा विचारलेला आहे. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हणून हाणून पाडले आणि 1954 मध्ये कामराज सरकारने ती मागे घेतली. तो विरोध योग्य होता. ती योजना मुलाला शाळेतून काढून बापाच्या धंद्याकडे पाठवत होती. इथे सुचवायचे आहे ते याच्या उलट. धंदा मुलाकडे वारसा म्हणून न जाता त्यातले ज्ञान सगळ्या मुलांकडे विषय म्हणून यावे. भरतीचा हिशेब शेतकऱ्याच्या मुलीने मांडावा, भाताच्या जाती दुकानदाराच्या मुलाने ओळखाव्यात, जाळ्याच्या आसाचे माप आणि त्यातून सुटणाऱ्या पिल्लांचे गणित सगळ्या वर्गाने करावे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला राखली; 2021 साली तिथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मोलाचा आहे. पण ती कला सत्काराच्या व्यासपीठावर राहिली आणि वर्गात आली नाही, तर ती एका समाजाची ओळख म्हणून उरेल. कथा चित्रांत कशी बांधतात, स्मरणात कशी ठेवतात, हे सगळ्या जातींच्या मुलांनी शिकणे, हीच भिंत फोडण्याची रीत आहे. बायकांच्या बाबतीतही हेच. बियाणे निवडणे, मासळी सुकवणे, बाजारात भाव ठरवणे हे ज्ञान बहुतांशी त्यांच्या हातात राहिले आणि जाणकार म्हणून नाव मात्र पुरुषांचे झाले. शाळेत सर्वांत आधी बोलवायचे ते या बायकांना.

तिसरा आक्षेप पालकांचा आहे. आम्ही पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवतो ते इंग्रजीसाठी, नोकरीसाठी. भरती-ओहोटी त्याला घरीही कळेल. या म्हणण्याला उपदेशाने उत्तर देणे उद्धटपणाचे ठरेल. ज्याच्या होडीचे कर्ज फिटलेले नाही, त्याला समुद्राची थोरवी सांगायचा अधिकार कोणाला नाही. उत्तर वेगळे आहे. नोकरीच्या जगात ज्याची किंमत आहे ते म्हणजे नोंद ठेवणे, आकड्यांतून नियम काढणे, नियम कुठे मोडतो ते ओळखणे आणि ते दुसऱ्याला समजेल असे लिहिणे. हे कौशल्य पाठ्यपुस्तकातल्या तयार तक्त्यावरून येत नाही. रोज बदलणाऱ्या, हाताशी असलेल्या गोष्टीवरून येते. मालवणच्या मुलाच्या हाताशी भरती आहे, शहरातल्या मुलाच्या हाताशी ती नाही. गरिबाच्या शाळेला जगातली सर्वांत मोठी प्रयोगशाळा फुकट मिळाली असताना तिच्याकडे पाठ करून बसणे, हे मुलाच्या भविष्याच्या हिताचे कसे? अशा शिक्षणाने मूल गावात अडकून पडणार नाही. ते मुंबईला जाईल, परदेशी जाईल, आणि जिथे जाईल तिथली भरती मोजायला शिकेल.

चौथा आक्षेप काळाचा. समुद्र बदलतो आहे. जुन्या खुणा आता काय कामाच्या? नोव्हेंबर 2009 मध्ये फयान, ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार, मे 2021 मध्ये तौक्ते, अशी वादळे या किनाऱ्याने पाहिली. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था उपग्रहाच्या आधारे मासळीच्या संभाव्य जागांची सूचना देते, आणि हवामानाचा इशारा मोबाइलवर येतो. हे सारे चांगले आहे आणि मच्छीमार ते वापरतातही. वहिवाट नव्याला नाकारत नाही. काजू पोर्तुगिजांनी आणला आणि आज तो वेंगुर्ल्याची ओळख आहे. पण बदल किती झाला हे कळायला आधी काय होते ते ठाऊक असावे लागते. कोणती मासळी कोणत्या नक्षत्रात लागत असे, किनारा कुठपर्यंत होता, खाडीचे मुख किती सरकले, याचे दीर्घ स्मरण कोणत्याही यंत्राकडे नाही, कारण यंत्रे अलीकडची आहेत. इंडोनेशियाच्या सिमेलुए बेटाने 1907 च्या लाटेची आठवण ‘स्मॉन्ग’ या शब्दात आणि त्याच्या गोष्टींत जपली होती: भूकंपानंतर समुद्र मागे हटला तर डोंगराकडे पळा. डिसेंबर 2004 च्या सुनामीत कोणतीही यंत्रणा इशारा देऊ शकली नाही, तरी सुमारे 78 हजार वस्तीच्या त्या बेटावर फक्त सात माणसे दगावली. अशा आठवणीला जुनी म्हणून टाकून देणे परवडणारे नाही, आणि तिची नव्या नोंदींशी तुलना न करणेही परवडणारे नाही.

शेवटचा प्रश्न मालकीचा. अमेरिकेत 1995 साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. भारताने पुरावे मांडल्यावर ते 1997 मध्ये रद्द झाले. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचे अंकीय भांडार उभे राहिले आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद झाली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून लोकांच्या राखणुकीला शास्त्रात स्थान मिळवून दिले, त्या विचाराचाच हा पुढचा टप्पा. पण ज्ञान विचारात न घेता घेतलेल्या निर्णयांचे काय होते, हेही मालवणने अनुभवले आहे. 1987 साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात सुमारे 29 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. संरक्षणाचा हेतू चांगला होता. मात्र ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे आणि ज्यांना ते पाणी ठाऊक आहे, त्यांना सोबत घेतल्याशिवाय पाणी राखता येत नाही. दुसऱ्या बाजूला, पर्ससीन जाळी थवेच्या थवे उचलतात हे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत होते. या मासेमारीच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने राज्य सरकारने त्या मासेमारीवर मर्यादा घातल्या. किनाऱ्याचे म्हणणे आणि शास्त्रीय पाहणी एकत्र आली, तेव्हा धोरण हलले. शाळेनेही हाच नियम पाळावा. मुलांनी नोंदवलेल्या माहितीवर सांगणाऱ्याचे नाव असावे, त्याची परवानगी असावी, आणि शाळेत शिकवायला आलेल्या, होडी चालवणाऱ्या तांडेलाला किंवा मासळी विकणाऱ्या बाईला मानधन मिळावे. रापणीत दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो; ज्ञानात का मिळू नये?

मग वर्गात नेमके काय करायचे? त्यासाठी नवा विषय नको आणि ‘आपला वारसा’ नावाचा आणखी एक धडाही नको. असलेल्याच विषयांत खिडक्या उघडायच्या. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची चाल आणि 1 जून ते 31 जुलै अशी सरकारी मासेमारीबंदी यांची दहा वर्षांच्या पंचांगावर तुलना करता येईल. दोन्हींची कारणे एकच आहेत का, हा चर्चेचा प्रश्न. अळूच्या भाजीत आमसूल का घालतात, या प्रश्नातून खाज आणणारे ऑक्झलेटचे स्फटिक आणि आम्लाचे काम शिकता येईल. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना चहूबाजूंनी समुद्र असताना गोडे पाणी कसे, हा भूजलाचा सुंदर पाठ आहे. गावातल्या जमिनींची भरड, मळा, खार अशी विभागणी नकाशावर काढून तिथल्या मातीचा खारेपणा मोजता येईल. शिक्षकाला हे सगळे आधीपासून ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचे काम सांगण्याचे कमी आणि मोजायला लावण्याचे अधिक. परीक्षेत याला गुण असावेत, नाहीतर मुले आणि पालक दोघेही त्याला सहलीइतकेच महत्त्व देतील.

आणि सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर पुन्हा पाऊणपटीत आहे. वर्गातल्या मुलांनी एक महिनाभर बंदरावर किंवा खाडीच्या एखाद्या खांबावर पूर्ण भरतीची वेळ नोंदवावी. एका रकान्यात तिथीची पाऊणपट, दुसऱ्यात छापील वेळापत्रकातली वेळ, तिसऱ्यात स्वतः पाहिलेली. काही दिवसांतच त्यांच्या ध्यानात येईल की हिशेब आणि समुद्र सगळीकडे सारखे जुळत नाहीत. उधाणाच्या दिवसांत भरती रोज 48 मिनिटांपेक्षा कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त, आणि प्रत्येक बंदराची आपली म्हणून एक वेळ असते. वहिवाटीचा नियम कुठे चुकतो, किती चुकतो आणि का चुकतो, हे त्या तीन रकान्यांतून मूल स्वतः शोधून काढेल. नियम चुकलेला पाहून आजोबांविषयीचा आदर कमी होणार नाही. छापील वेळापत्रक हाताशी नसताना केवळ चंद्राकडे पाहून एवढ्या जवळ पोचलेल्या माणसांविषयी तो वाढेल, आणि त्यांनी जिथे थांबवले तिथून पुढे मोजायचे काम आपले आहे, हेही त्या मुलाला उमजेल. मला अपेक्षित असलेले शिक्षण ते हेच.